ठकीसाठी कॉम्प्युटर

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर आपली दोन मिनिटांत जुंपते आणि मग आईला दोन्हीकडचं ऐकून घ्यावं लागतं, म्हणून महत्त्वाचं असेल ते लिहून कळवा असा तिचाच हुकूम आहे. तर महत्त्वाचं आहे.

मला काम मिळालं. आमच्या छापखान्यासमोरचं जुनं नाटकघर पाडून नवं बांधणार आहेत. जुन्याच्या छतावर एक मोठं चित्र आहे. संध्याकाळचं आकाश, ढग, आणि ढगांवर बसलेले चौदा वादक. छत उतरवता येत नाही, बोट लावलं की प्लास्टर हातात येतं. म्हणून नाटकघराच्या समितीने ठरवलंय की पाडण्याआधी त्याचे फोटो घ्यायचे, ते जोडून एक अखंड चित्र करायचं आणि तेवढ्याच मापात कापडावर छापून नव्या छताला लावायचं. फोटोग्राफरने मचाणावर उताणं पडून अकराशे चाळीस फोटो काढलेत. ते जोडणं, भेगा आणि डाग बुजवणं, रंग होते तसे राखणं, हे सगळं माझ्याकडे. सत्तावीस जणांनी नमुने पाठवले होते म्हणे. त्यातून माझं नाव निघालं. मी पत्र तीनदा वाचलं, दुसऱ्या कुणाचं तर नाही ना म्हणून.

आता खरी अडचण. समिती मला कॉम्प्युटर घेऊन देणार आहे. कसला हवा त्याची यादी वीस तारखेच्या आत मी द्यायची. इथेच माझी दांडी गुल. बाबांच्या स्टुडिओत चित्राला हात माझा आणि यंत्राला तुझा, हे आपलं लहानपणापासूनचं वाटप. दुकानदार म्हणतो प्रोसेसर बघा. फोटोग्राफर म्हणतो रॅम आणि मॉनिटर बघा, बाकी सगळं नंतर. छापखान्यातला प्रत्येक जण आपल्या मेव्हण्याने काय घेतलं ते सांगतो. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझी ताई लिहील तेच येईल.

तेव्हा सविस्तर लिही. भावजींना म्हणावं, तुमची बायको आठवडाभर तुमच्याकडे कमी लक्ष देईल, सवय असेलच.

लोभ आहेच, यादीपुरता थोडा वाढव.

तुझी
ठकी

९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. सत्तावीस जणांतून तुझं नाव, मोठीच गोष्ट झाली. बाबा असते तर सगळ्या गल्लीला सांगून आले असते. तू दहावीत असताना काढलेला मांजराचा फोटो त्यांनी दर्शनी काचेत तीन वर्षं ठेवला होता, आठवतं ना? मी लोकांच्या आजोबांचे फाटलेले फोटो पंधरा वर्षं सांधतेय, त्यातला एकही त्या काचेत गेला नाही. गिऱ्हाइकांचे म्हणून असेल.

इकडे स्टुडिओत सगळं नेहमीचं. काल ओळखपत्रासाठी अकरा जणांचे फोटो काढले, शेवटी अकराही जण एकच वाटायला लागले. आई दोन महिने तुझ्याकडे येणार म्हणतेय. तुला स्वयंपाकाला वेळ मिळत नाही, याची तिला फार काळजी. मला कधी वेळ मिळाला ते तिने विचारल्याचं आठवत नाही, पण तू बोलावलंयस तर येऊ दे.

आता यादी. चित्राचं काम म्हणजे ग्राफिक्सचं काम, तेव्हा ग्राफिक्स कार्ड बाजारातलं सगळ्यात दांडगं घे. सगळा जोर तिथे लाव. रॅम सोळा जीबी पुरे, त्याहून जास्त म्हणजे रिकाम्या खोल्यांना कुलपं. मॉनिटर मोठा, वक्र आणि चकचकीत घे, गेम खेळणारी मुलं घेतात तसला. त्यावर रंग असे उसळतात की बघत राहावं. मॉनिटरवर ठेवून रंग मोजायचं एक छोटं यंत्र मिळतं, ते कुणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नकोस. देवाने डोळे दिलेत ते कशाला? हार्ड डिस्क साधी चालेल, चित्र काही पळून जात नाही.

फोटोग्राफरचं फार मनावर घेऊ नकोस. त्याचं काम मचाणावरून उतरला तेव्हाच संपलं. आता तुझं सुरू.

मोठ्या कामात धाकट्यांनी मोठ्यांना विसरू नये, एवढंच. लोभ आहे तसा ठेव.

तुझी
ताई

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कॉम्प्युटर आला. तू लिहिलंस तस्सा, एक अक्षर बदललेलं नाही. दुकानदाराने पेटीच्या एका बाजूला काच लावलीय, आत पंखे निळे-जांभळे फिरतात. मला बसायला नाटकघराची जुनी तिकीटखोली दिलीय. खिडकीला अजून अर्धगोल भोक आहे. येणारा-जाणारा त्यातून डोकावतो आणि दोन तिकिटं मागतो. सगळ्यांना तोच विनोद सुचतो.

मॉनिटर म्हणजे काय सांगू. छतावरचं आकाश त्यावर उघडलं तर खोलीतल्या भिंती निळ्या झाल्या. समितीचे अध्यक्ष बघायला आले होते, ते सुद्धा मागे सरकले. ताई, तुला खरंच हेवा वाटेल असं यंत्र आहे. आठ वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या खुर्चीत बसून, दुसऱ्याची पाळी संपली की आपली, असं काम केलं. ही खुर्ची माझी आहे. कुणाला सांगू नकोस, पण जाताना मी तिच्यावर स्कार्फ ठेवून जाते.

मधेमधे अडखळतं थोडं. पन्नास-साठ फोटो जोडायला दिले की थांबतं. नवीन आहे, अंग मोकळं व्हायला वेळ लागेल, नाही का? फोटोग्राफर एकदा येऊन बघून गेला. बोलला काहीच नाही, नुसता पेटीच्या काचेवर टकटक करून गेला. त्याचा स्वभावच तसा घुम्या.

आई परवा पोचली. आल्या आल्या माझं कपाट लावलं आणि आता मला काहीही सापडत नाही.

तुझे उपकार फेडायचे नाहीत, वापरायचे आहेत. लोभ असू दे.

तुझी
ठकी

२२ मार्च

चि. सौ. थोरलीस,
अ. उ. आ.

मी खुशाल. गुडघे इथल्या जिन्याशी भांडतात, तेवढं सोडून तक्रार नाही. जावईबापूंना आशीर्वाद सांग. हे पत्र मात्र तू एकटीने वाच.

ठकी सकाळी आठला जाते आणि उतरलेल्या तोंडाने परत येते. गुरुवारी मीही तिच्या तिकीटखोलीत जाऊन बसले. फोटो जोडायला घेतले की मॉनिटरवर एक वर्तुळ फिरायला लागतं. ती वर्तुळाकडे बघत बसते, मी तिच्याकडे. मग सगळं बंद पडतं आणि ती पहिल्यापासून सुरू करते. आता ती लहान लहान तुकडे जोडते आणि मग तुकड्याला तुकडा, पण सांधे जुळत नाहीत. एका वादकाला कोपरावर कोपर आलंय.

सोमवारी नमुना म्हणून दाराएवढं कापड छापून आणलं. जमिनीवर पसरलं. मॉनिटरवर निळं होतं ते आकाश कापडावर गढूळ पाण्यासारखं, मेलेलं. चेहरे विटेसारखे. अध्यक्ष ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं की एक कंपनी हे काम करून द्यायला तयार आहे, तरी ठकीला पंधरा एप्रिलपर्यंत बघू दे. ठकी घरी आली, रडली नाही. घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

थोरले, मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण पंधरा वर्षं तुझ्या टेबलासमोर बसून मी भाजी निवडलीय. तुझा मॉनिटर मंद आहे, चमक म्हणून नाही, आणि वर काळ्या पुठ्ठ्याची झापड. मी एकदा ओल्या फडक्याने पुसायला गेले तर केवढी ओरडली होतीस. गेल्या वर्षी नवीन यंत्र बांधलंस तेव्हा रॅमसाठी जावईबापूंना दोन गावं हिंडवलंस. ते म्हणाले सोळा मिळतेय, आणू का? तू म्हणालीस, सोळात काय होतंय, नुसतं उघडतं. माझं लग्न सोळा तारखेचं, म्हणून तो आकडा माझ्या डोक्यात राहिला.

मग हिला सोळा का लिहिलंस?

मी ठकीला काही बोलले नाही. ती तुझं पत्र यंत्राशेजारी ठेवते आणि पुन्हा पुन्हा वाचते. तिला वाटतं तिलाच नीट समजलं नाही. तुझी चूक झाली असेल तर चूक झाली म्हणून तिला लिही. चूक नसेल, तर जे काय असेल ते तूच लिही, मी नावं ठेवणार नाही.

दोघींवर सारखाच लोभ आहे. मोजत बसू नये.

तुझी
आई

२६ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

हे बसून वाच, आणि आई शेजारी असेल तर असू दे.

तुला सगळं नीट समजलं होतं. मीच खोटं लिहिलं. चुकून नाही, समजून-उमजून. फोटोग्राफर रॅम आणि मॉनिटर म्हणाला ते बरोबर होतं. ते बरोबर आहे हे ठाऊक होतं म्हणूनच मी उलटं लिहिलं.

त्या सत्तावीस जणांतली एक मी होते. समितीची जाहिरात मीही वाचली होती. मी आठ नमुने पाठवले, सगळे चेहरे. तुला सांगितलं नाही, कारण मिळालं असतं तर सांगणार होते. नकाराचं पत्र आणि तुझं पत्र एकाच दिवशी एकाच पोस्टमनने दिलं. नकार तीन ओळींचा होता, तुझं पत्र तीन पानांचं. मी आधी नकार वाचला. मग तुझं वाचलं, आणि त्यात तू मलाच विचारत होतीस की यंत्र कसलं घेऊ.

यादीचं ते पत्र लिहिताना माझा हात थरथरला असं लिहायला मला आवडलं असतं. थरथरला नाही. अक्षर चांगलं आलं होतं. पेटीत टाकून आले आणि पोटभर जेवले. तू अडखळशील, मला फोन करशील, मग मी सांगेन आणि ते काम थोडं माझंही होईल, असं मनात होतं. तू चांगली तोंडावर पडावीस, असंही होतं. दोन्ही खरं आहे. बाबांनी तुझं नाव ठकी ठेवलं, ठकवायचं काम मी केलं.

तुझं तीन मार्चचं पत्र आलं, खुर्चीवर स्कार्फ ठेवतेस ते वाचलं, तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. आईने कान धरला तेव्हा लिहितेय. याचंही श्रेय मला देऊ नकोस.

आता कामाचं. या पत्राबरोबर बसने दोन खोकी येतील. मोठ्यात माझा मॉनिटर आहे. भावजींनी त्याला आपल्या रजईत गुंडाळलंय, ती परत मागतायत. चकचकीत मॉनिटर निळा रंग आहे त्याहून भडक दाखवत होता. म्हणून तू तो कमी करत गेलीस आणि कापडावर तो मेला. तुझ्या डोळ्यांचा दोष नाही. धाकट्या खोक्यात रॅमच्या चार पट्ट्या आहेत, बत्तीसच्या, आणि रंग मोजायचं ते यंत्र. तुझा बोर्ड माझ्याच पिढीचा आहे, चालतील. तुझ्या दोन पट्ट्या आधी काढ, मग माझ्या चार घाल. दोन्ही मिसळू नकोस. समितीकडे एक वेगवान डिस्क माग, जोडणीचा पसारा तिच्यावर टाक. आठवड्यातून एकदा मॉनिटरचे रंग मोज. खिडकीच्या त्या अर्धगोल भोकाला काळा कागद लाव, उजेड बदलला की रंग बदलतो. ग्राफिक्स कार्ड आहे ते राहू दे, ते कुणाचं वाईट करत नाही.

लोभ मागायचं तोंड नाही. पत्राच्या शेवटी लिहायची सवय आहे म्हणून लिहिते, असला तर असू दे.

ताई

३० मार्च

ताईस,

खोकी पोचली. पट्ट्या बसल्या. काल सगळे अकराशे चाळीस फोटो एका दमात दिले. यंत्र दुपारभर घरघरत राहिलं आणि संध्याकाळी छत माझ्यासमोर अखंड होतं. मला आनंद व्हायला हवा होता.

यादी देण्याआधी मी तुझं पत्र फोटोग्राफरला दाखवलं होतं, हे तुला माहीत नाही. तो म्हणाला, तुझ्या ताईला एक तर यातलं काही कळत नाही, नाहीतर. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. नको नको ते बोलले. म्हणून तो काचेवर टकटक करून गेला आणि मी तुला लिहिलं की घुम्या आहे. काल त्याच्याकडे जाऊन मी ते वाक्य स्वतःच पुरं केलं. तो चहा ओतत होता, ओतत राहिला.

तू नमुने पाठवलेस ते मला का नाही सांगितलंस, हा राग वेगळा. तो वेगळा ठेवलाय.

ईशान्य कोपऱ्यात तंतुवाद्य वाजवणारी एक बाई आहे. ओलीने तिचा चेहरा भुवईपासून हनुवटीपर्यंत खाल्लाय आणि तीन बोटं गेलीत. मी पाच वेळा केली, पाचही वेळा बाहुली झाली. चेहरे तुला येतात. अख्ख्या चित्राची डिस्क पाठवतेय, बरोबर माझ्या दोन पट्ट्या, म्हणजे तुझं यंत्र निदान सुरू होईल. दहा तारखेच्या आत हवं.

माफी पाठवू नकोस. बाई पाठव. लोभाचं नंतर बघू.

ठकी

८ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

बाई पाठवली आहे.

तुझ्या सोळावर काम केलं. दर थोड्या वेळाने वर्तुळ फिरायचं आणि मी हात मांडीवर ठेवून बसायचे. भावजी एकदा म्हणाले, काय बघतेस एवढं? मी म्हटलं, ठकीला. माळ्यावरचा जुना मॉनिटर काढलाय, पण त्याच्या रंगावर विश्वास नाही. म्हणून रंग डोळ्यांनी नाही, आकड्यांवरून घेतले. रोज हाताएवढा तुकडा छापून दाराच्या उजेडात मूळ फोटोच्या छापाशेजारी धरला.

चेहऱ्याचं सांगते, कारण कुणी विचारलं तर तुला सांगता यायला हवं. चित्रकाराने ढगांवर एकच बाई तीनदा बसवलीय. कानाची पाळी बघ, तिघींची तीच. नैर्ऋत्येच्या बाईची हनुवटी शाबूत आहे. ती घेतली आणि उजेड उलट्या बाजूने टाकला. बोटांसाठी गल्लीतल्या वाद्य शिकवणाऱ्या बाईंना दारात बसवलं. त्या म्हणाल्या, हिची उरलेली अनामिका तारेवर नाही, तारेच्या जरा वर आहे, सूर लागून गेलाय. तसंच ठेवलं.

तू म्हणालीस म्हणून माफी मागत नाही.

लोभाची वाट बघते.

तुझी
ताई

४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काम पसंत पडलं. पंधराला नवा नमुना दिला, तो चालला, आणि गेल्या सोमवारी अख्खं छत छापून आलं. तालमीच्या दालनात जमिनीवर पसरलं तर भिंतीला भिडलं. सगळ्यांनी बूट काढले आणि कडेकडेने फिरले. आकाश निळं आहे, ताई. उसळणारं नाही, संध्याकाळचं.

समितीवर एक म्हातारे चित्रकार आहेत. तरुणपणी त्यांनी याच छताच्या डागडुजीला रंग कालवून दिले होते. ते मोज्यांवर हळूहळू चालत ईशान्येच्या कोपऱ्यात गेले आणि गुडघ्यांवर बसले. बराच वेळ उठलेच नाहीत, आम्हाला वाटलं त्यांना उठवत नाहीये. मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि तिच्या हातावर बोट ठेवून म्हणाले, बाकी काम चांगलं आहे, पण हा हात ज्याने केला त्याला चित्र कळतं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान झुकवली आणि आभार मानले.

ताई, हे मी सोमवारी केलं. मंगळवारी अध्यक्षांनी पुन्हा तेच सगळ्यांदेखत सांगितलं, तेव्हाही मी काही बोलले नाही. मला कुणी थेट विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे ते वाक्य मला माझ्यासाठी हवं होतं. बाकी चौदाशे चौरस फूट माझे होते आणि मला तेवढा एक हात हवा होता. आईने दोन्ही दिवस विचारलं, एवढी खूश का? मी काम संपलं म्हणून सांगितलं. दोन्ही दिवस मी पोटभर जेवले.

बुधवारी सकाळी चित्रकारांच्या घरी गेले आणि सांगितलं की हात माझ्या बहिणीने केला, चेहराही. त्यांनी तुझं नाव विचारलं, कपाटातून फाईल काढली आणि तुझे आठ नमुने शोधले. एवढे लहान चेहरे एवढ्या मोठ्या छताला काय कामाचे, असं तेव्हा वाटलं होतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी ते टेबलावर एकेक करून मांडले आणि मला चहाही विचारायला विसरले. नव्या नाटकघराच्या पाटीवर आता दोघींची नावं येतील. तुझं माझ्या खाली आहे. ते तसं मीच सांगितलं.

घरी येऊन तुझं सव्वीस मार्चचं पत्र पुन्हा काढलं. तू सहा आठवडे गप्प होतीस, मी दोन दिवस. तुझ्याने माझं काम जात होतं, माझ्याने तुझं काही गेलं नसतं, तुला कळलंही नसतं. फरक आहे. पण मी तो कुणाला दाखवत फिरणार नाही.

मॉनिटर बसने पाठवणार नाही. येऊन घेऊन जा.

लोभ आहे. दोन दिवस नव्हता, आता आहे.

तुझी
ठकी